तासगावचे गोपूर

सांगलीहून ईशान्येला पंचवीसेक किलोमीटर गेले की तासगाव येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडे. गाव जवळ आले की घरांच्या वर एक उंच, निमुळती होत गेलेली वास्तू दिसू लागते. तमिळनाडूत थोडाफार प्रवास केलेल्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. ते गोपूर आहे. सात मजली, आणि सांगतात त्याप्रमाणे ९६ फूट उंच. मदुराई किंवा कांचीपुरममध्ये त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहणार नाही, पण इथे कृष्णा-येरळेच्या काळ्या रानात ते उभे आहे, आणि ते कोणा तमिळ राजाने नव्हे तर पेशव्यांच्या एका कोकणस्थ सरदाराने बांधवले आहे.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मंदिरांनी भरलेले आहेत. (हे दोन जिल्हे पूर्वी बऱ्याच अंशी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.) वाईचा ढोल्या गणपती हा रास्त्यांनी १७६२ साली बांधलेला. तिथे उंचीचा मान गाभाऱ्यावरच्या शिखराला आहे. देव जिथे, तिथेच सर्वांत उंच बांधकाम, हा आपल्याकडचा सरळ हिशेब. गोपुराचा हिशेब याच्या उलट आहे. गोपूर म्हणजे दरवाजा. देवापेक्षा दरवाजा उंच का, हा प्रश्न सातवीआठवीतला मुलगासुद्धा विचारील आणि त्याचे उत्तर शोधण्यासारखे आहे.

दक्षिणेतही सुरुवातीला असे नव्हते. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केले. त्याच्या गाभाऱ्यावरचे विमान, म्हणजे आपल्या भाषेत शिखर, दोनशे फुटांहून उंच आहे आणि समोरची गोपुरे त्यापुढे ठेंगणी दिसतात. पुढच्या दोनतीनशे वर्षांत चित्र पालटले. चिदंबरमला बाराव्या-तेराव्या शतकात जी चार मोठी गोपुरे उभी राहिली ती गाभाऱ्यापेक्षा कितीतरी उंच आहेत. असे होण्याचे एक साधे कारण आहे. जुन्या देवळाचा गाभारा पवित्र, तो पाडून मोठा करणे कोणाला रुचत नाही. मग नव्या राजाने आपली भक्ती आणि ऐश्वर्य दाखवायचे कुठे? त्याने बाहेरून आणखी एक तट बांधला आणि त्याला आधीच्यापेक्षा मोठा दरवाजा ठेवला. त्याच्या नंतरच्याने त्याहून मोठा. त्यामुळे काही तमिळ देवळांत आपण बाहेरून आत जाऊ तसतशी वास्तू लहान आणि जुनी होत जाते. झाडाच्या खोडाच्या कड्यांसारखेच हे, सर्वांत नवी कडी बाहेर. विजयनगरच्या राजांनी ही पद्धत तुंगभद्रेपर्यंत वर आणली. हंपीच्या विरूपाक्ष मंदिराचे नऊ मजली पूर्व गोपूर सुमारे ५० मीटर उंच आहे. तासगावहून सर्वांत जवळची मोठी गोपुरे म्हणायची तर ही.

इतके उंच दरवाजे उभे राहतात कसे? दक्षिणेतली रूढ पद्धत अशी की खालचा भाग घडीव दगडाचा आणि वरचे मजले विटा व चुन्याचे. आत पोकळी ठेवलेली असते, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा आखूड असतो, आणि माथ्यावर आडव्या ठेवलेल्या पिंपासारखे छत व त्यावर कळसांची ओळ. वरचा भाग विटांचा करण्यात दोन फायदे आहेत. ग्रॅनाइटचा एक घनमीटर सुमारे २.६५ टन भरतो, आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट २.९ टनांच्या आसपास, आणि वीटकाम १.८ ते २ टन. म्हणजे वजन तिसऱ्या हिश्शाने कमी. शिवाय वीट माणसाच्या डोक्यावरून वर जाते. वीस मीटर उंचीवर टनभराचा दगड चढवायचा तर त्यासाठी वेगळा उतार बांधावा लागतो.

वर्गात करता येईल असा एक हिशेब करू. ९६ फूट म्हणजे सुमारे २९ मीटर. समजा गोपूर पूर्ण भरीव विटांचे आहे आणि खालपासून वरपर्यंत सारख्याच जाडीचे आहे. मग तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर २९ घनमीटर वीटकामाचे वजन येईल, म्हणजे २९ गुणिले १.९, सुमारे ५५ टन. एका चौरस सेंटिमीटरवर साडेपाच किलो. चुन्यातले चांगले वीटकाम याच्या कितीतरी पट दाब सोसते. प्रत्यक्षात गोपूर वर निमुळते असते. पूर्ण टोकदार सूचीचे घनफळ तेवढ्याच तळाच्या चौकोनी खांबाच्या एकतृतीयांश, तेव्हा दाब आणखी कमी. आतल्या पोकळीने वजन घटते तशी भार घेणारी भिंतही घटते, म्हणून पोकळीमुळे दाबात फार फरक पडत नाही, मात्र विटा आणि मजुरी वाचते. थोडक्यात, गोपूर स्वतःच्या वजनाखाली चिरडण्याची भीती नाही.

भीती असते ती कलण्याची. निमुळतेपणाचा दुसरा उपयोग तिथे होतो. खांबाचा गुरुत्वमध्य निम्म्या उंचीवर असतो, सूचीचा तळापासून चौथ्या हिश्शावर. जमीन एका बाजूने थोडी खचली तरी वजनाची रेषा तळाच्या बाहेर जायला फार कलावे लागते. तासगावसारख्या ठिकाणी हा मुद्दा पुस्तकी नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या मातीवर नीट पाया न घेता बांधलेल्या खोल्यांच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात, हे या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. मोठ्या इमारतीचा पाया माती ओलांडून मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावाच लागतो. चुन्याचीही यात मदत होते. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून वर्षानुवर्षे सावकाश घट्ट होत राहतो आणि थोड्या हालचालीला सिमेंटपेक्षा अधिक दाद देतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने या साऱ्या पट्ट्याला हादरा दिला. गोपूर आजही उभे आहे.

आता ते बांधणाऱ्याकडे वळू.

परशुरामभाऊ पटवर्धन हे उत्तर पेशवाईतले मोठे सेनानी. मिरज, सांगली, तासगाव, कुरुंदवाड, जमखंडी ही पटवर्धनांची ठिकाणे. पेशव्यांनी त्यांना कृष्णेच्या दक्षिणेच्या तोंडावर बसवले होते ते एका कामासाठी. आधी हैदर आणि मग टिपू यांच्या म्हैसूर राज्याला अडवणे. भाऊंचे जवळपास सारे आयुष्य कर्नाटकच्या मोहिमांत गेले. तासगावच्या गणपतीच्या देवळाचे काम त्यांनी १७७९ साली सुरू केले आणि ते १७९९ साली पुरे झाले, असे सांगितले जाते. त्याच वर्षी भाऊ कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत मारले गेले.

गोपुराबद्दल गावात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते. भाऊ मोहिमेवर दक्षिणेत गेले, तिथली गोपुरे त्यांना आवडली, त्यांनी तिकडचे कारागीर आणले. उत्तर पटण्यासारखे आहे, पण वैज्ञानिकाच्या खोडीप्रमाणे मी ते तारखांना लावून पाहतो. भाऊंची सर्वांत प्रसिद्ध दक्षिण मोहीम १७९० ते १७९२ ची. त्या वेळी इंग्रज, निजाम आणि मराठे टिपूविरुद्ध एकत्र होते. भाऊंनी मुंबईहून आलेल्या कॅप्टन लिटलच्या तुकडीसह धारवाडला वेढा घातला, एप्रिल १७९१ मध्ये धारवाड पडले आणि फौजा श्रीरंगपट्टणकडे गेल्या. श्रीरंगपट्टणच्या रंगनाथ मंदिराला सुंदर गोपूर आहे. पण हे सारे घडले तेव्हा तासगावचे काम सुरू होऊन अकरा-बारा वर्षे झाली होती. तेव्हा कल्पना जर आरंभापासूनची असेल, तर ती थोरल्या माधवरावांच्या काळात आणि नंतर हैदरशी झालेल्या आधीच्या मोहिमांतून आलेली असली पाहिजे. अर्थात देऊळ १७७९ ला सुरू झाले म्हणजे दरवाजाही तेव्हाच आखला गेला असे नाही. दरवाजा शेवटी येतो. दोन्ही शक्यता खुल्या आहेत, आणि विद्यार्थ्यांपुढे त्या खुल्याच ठेवाव्यात.

मात्र १७९१ सालाने या गोपुराशी आणखी एक गोष्ट जोडली आहे. तासगावला गेलेल्या सहलींत ती क्वचितच सांगितली जाते.

धारवाड पडल्यावर पटवर्धनांचीच एक फौज कुरुंदवाडच्या शाखेतले रघुनाथराव पटवर्धन यांच्या हाताखाली बिदनूरच्या बाजूला गेली. त्या वाटेवर तुंगेच्या काठी शृंगेरी आहे. आद्य शंकराचार्यांनी स्थापिलेला म्हणून मानला गेलेला तिथला शारदापीठाचा मठ साऱ्या हिंदुस्थानात पूज्य होता आणि पेशवेही त्याला मानत. हा मठ या फौजेने लुटला. मठातली माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली, स्वामींना मठ सोडून कारकळला जावे लागले. मराठा फौजेने, ब्राह्मण सरदारांच्या फौजेने, शंकराचार्यांचा मठ लुटावा ही बातमी पुण्याला पोहोचली तेव्हा दरबार हादरला. लूट परत करण्याविषयी पटवर्धनांना लिहिले गेले.

स्वामींनी दाद मागितली ती ज्याच्या राज्यात मठ होता त्या टिपूकडे. टिपूने मठाला कन्नडमध्ये लिहिलेली पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे नरसिंहाचार यांना मठाच्या दप्तरात सापडली. त्यांत लुटारूंविषयी संताप आहे, शारदेची पुन्हा प्रतिष्ठापना करण्यासाठी रोख रक्कम आणि धान्य देण्याचा बिदनूरच्या अधिकाऱ्याला दिलेला हुकूम आहे, आणि राज्याच्या जयासाठी मठात अनुष्ठान करावे अशी विनंतीही आहे. एवढ्यावरून टिपूला सहिष्णुतेचा पुतळा करण्याचे कारण नाही. मलबार आणि कुर्गमध्ये त्याने केलेले जुलूमही कागदोपत्री आहेत. तीन सत्ता अंगावर चालून आलेल्या राजाला आपल्या मुलखातला सर्वांत मोठा मठ आपल्या बाजूला हवा होता, हेही त्या पत्रांत उघड दिसते. परंतु पत्रे आहेत आणि पैसा व धान्य देण्याचा हुकूमही त्यांत आहे.

मराठी बाजू आपल्याला कशी कळते? ती मिरजेच्या एका शाळामास्तरामुळे. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. पटवर्धनांच्या दप्तरांतले कागद त्यांनी वर्षानुवर्षे वाचले, मोडीतून बाळबोधीत उतरवले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडामागून खंड छापले. दिवसभर वर्ग, आणि त्याबरोबर हे काम. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्या कोणालाही आजही या खंडांवाचून पुढे जाता येत नाही. विज्ञानात आम्ही मूळ निरीक्षणांच्या वहीला जो मान देतो तोच मान इतिहासात या कामाला आहे, आणि ते विद्यापीठात नव्हे तर शाळेत बसून झाले, हे शिक्षकांच्या मासिकात मुद्दाम लिहावेसे वाटते.

खऱ्यांनी ज्या सरदारांच्या घरचे कागद छापले, त्यांना न शोभणारी पत्रेही त्यांनी वगळली नाहीत. शृंगेरीच्या प्रसंगाचीही पत्रे त्यांत आहेत. लूट फौजेबरोबरच्या लमाणांनी आणि पेंढाऱ्यांनी केली, असा पत्रांचा सूर आहे. इथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे, हे पत्र कोण कोणाला लिहीत आहे? लिहिणारा पटवर्धनांच्या बाजूचा आहे. दोष सरदाराच्या घोडेस्वारांवर न येता मागून चालणाऱ्यांवर जावा यात त्याचा फायदा आहे. लमाण हे फौजेला धान्य पुरवणारे बैलांचे तांडे, त्यांच्याकडून कोणी कागद लिहून ठेवलेला नाही, तेव्हा त्यांची बाजू आपल्याला मिळणारच नाही. आणि पेंढाऱ्यांनी केले असे धरले, तरी त्यांना बरोबर घेतले कोणी? अठराव्या शतकातल्या फौजेला पगार थकलेला असे आणि ती ज्या मुलखातून जाई त्याच मुलखावर जगे. लूट हा तिच्या खर्चाच्या व्यवस्थेचा भाग होता. खेड्यातल्या कुणब्याचे धान्य लुटले गेले तेव्हा पुण्यात कोणी हादरत नसे. शृंगेरी हे नाव मोठे म्हणून या एका लुटीचे एवढे कागद झाले.

तारखा पुन्हा समोर ठेवल्या तर दिसते ते असे. ज्या वर्षी पटवर्धनांच्या फौजेने तुंगेकाठी शारदेचा मठ लुटला, त्या वर्षी पटवर्धनांच्याच गावात दक्षिणेच्या धर्तीचे देऊळ बांधले जात होते. लुटीच्या पैशातून गोपूर झाले असे म्हणायला काही आधार नाही आणि कोणी तसे म्हणूही नये. काम आधीच चालू होते. पण दक्षिण देशाविषयीचा आदर आणि दक्षिण देशाची लूट या दोन्ही गोष्टी एकाच घराण्यात, एकाच दशकात नांदत होत्या. पाठ्यपुस्तकातला इतिहास माणसांना एका रंगात रंगवतो, त्यात ही गोष्ट बसत नाही म्हणून ती गळते, असे मला वाटते.

भाऊंनी दक्षिणेतून केवळ गोपूरच आणले नसावे. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावात रथोत्सव होतो. सव्वादोनशेहून अधिक वर्षांची ही परंपरा. तीन मजली रथाला लांब दोर बांधतात आणि हजारो माणसे तो गणपतीच्या देवळापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढत नेतात व परत आणतात. गुलाल आणि पेढ्यांची उधळण चालू असते. दीड दिवसात होणारे विसर्जन आणि माणसांनी ओढायचा मोठा रथ, यातला दुसरा भाग तमिळ-कन्नड मुलखातल्या तेरांची आठवण करून देतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला इथे खूप पाहण्यासारखे आहे. अशा रथांना सुकाणू नसते. दोर एका रेषेत ओढले तर प्रेरणांची बेरीज होते, जमाव दोन बाजूंना पांगला की तीच माणसे एकमेकांची ताकद खातात. रथ हलण्याच्या क्षणी सर्वांत मोठा जोर लागतो, एकदा चालू लागला की कमी, म्हणून थांबलेला रथ सुरू करताना सारा जमाव एका आरोळीवर जोर लावतो. स्थितिक आणि गतिक घर्षणातला फरक याहून मोठ्या प्रयोगशाळेत कुठे दिसेल?

१८४८ साली इंग्रजांनी वारस नाही म्हणून तासगावची जहागीर खालसा केली. संस्थान गेले, रथ राहिला. गणपतीचे नाव तर द्राक्षालाही मिळाले आहे. ‘तास-ए-गणेश’ ही जात थॉमसन सीडलेसच्या वेलीत आपोआप झालेल्या एका बदलातून याच तालुक्यातल्या बोरगावला निवडली गेली.

तासगावला जायचे तर परतीच्या वाटेवर साताऱ्याचे नटराज मंदिरही पाहावे. ते अगदी अलीकडचे, १९८० च्या दशकातले. कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती त्या सुमारास महाराष्ट्रात पायी फिरत असता साताऱ्यास मुक्कामाला होते. त्यांच्या प्रेरणेने चिदंबरमच्या धर्तीवर हे मंदिर झाले आणि त्याला उत्तर चिदंबरम म्हणतात. चारी दिशांना चार गोपुरे आहेत. त्यासाठी दक्षिणेतल्या राज्यांनी हातभार लावला. तासगावला दक्षिणेची तऱ्हा मराठी सरदाराने आणली, इथे ती दक्षिणेच्या माणसांनी स्वतः आणून दिली. देवाणघेवाण उलट बाजूनेही झालीच आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरवला तो मराठीत, आणि तो फार मोठा शिलालेख आहे. गोपुरे बांधणे हा केवळ जुना इतिहास नाही, हेही साताऱ्यात लक्षात येते. श्रीरंगमचे सोळाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेले राजगोपुर १९८७ साली पुरे झाले. त्याची उंची सुमारे ७२ मीटर आहे. म्हणजे सातारा आणि श्रीरंगम ही दोन्ही कामे एकाच दशकातली.

सहल नेणाऱ्यांसाठी एक प्रयोग. तासगावचे गोपूर खरोखर ९६ फूट आहे का, हे मुलांना मोजता येईल. सावलीची नेहमीची पद्धत इथे अडते, कारण शिखराच्या नेमका खाली असलेला बिंदू इमारतीच्या आत आहे आणि तिथपासून टेप लावता येत नाही. त्यावर तोड अशी. हिवाळ्यातल्या सकाळी, आकाश निरभ्र असताना, कळसाच्या सावलीचे टोक जिथे मोकळ्या सपाट जमिनीवर पडते तिथे खडूने खूण करा. त्याच वेळी जवळच दोन मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करून तिच्या सावलीच्या टोकाशीही खूण करा. अर्ध्यापाऊण तासाने दोन्ही टोकांच्या नव्या खुणा करा. आता फक्त गोपुराच्या दोन खुणांमधले अंतर आणि काठीच्या दोन खुणांमधले अंतर मोजायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागून काठीच्या उंचीने गुणले की गोपुराची उंची मिळते. सूर्य दोघांनाही एकाच कोनातून पाहतो, म्हणून टोकांचे सरकणे उंचीच्या प्रमाणात असते आणि पायाशी जाण्याची गरजच उरत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की सूर्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे, त्यामुळे कळसाच्या सावलीचे टोक हात-दीड हात पुसट असते. दोन्ही वेळा पुसट भागाच्या मधोमधच खूण करावी, आणि तीन गटांकडून वेगवेगळी मोजमापे घेऊन त्यांतला फरकही फळ्यावर लिहावा.